मॅनेजर कसा मेला

१

मॅनेजर मेला होता यात काही शंका नव्हती. पांढरं पोट वर करून तो पाण्यावर तरंगत होता आणि त्याच्या आजूबाजूला त्याचा सगळा स्टाफ.

मॅनेजर हा मासा. तळहाताएवढा, काळ्या पट्ट्यांचा, तोंडावर कायमची नाराजी. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत काचेची टाकी होती. तिच्यात तो बाकीच्या माशांमागे अशा थाटात फिरायचा, की गाल धरून आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या पेशंटांनीच त्याला हे नाव दिलं होतं. दवाखान्याला रंग द्यायचा होता. रंगाच्या वासाने मासे दगावतील म्हणून डॉक्टरांनी टाकी आमच्याकडे आणून ठेवली. वास चुकला, पण मरण काही चुकलं नाही.

आमच्याकडे म्हणजे माझ्या भावाकडे. मी त्याची मोठी बहीण, पण जगाबरोबर मीही त्याला अण्णाच म्हणते. अण्णाने जन्मभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, आणि हात थकल्यावर घराच्या तळमजल्यावर हौशी लोकांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग काढला. एक लांब टेबल, त्यावर सोल्डरिंगच्या खुणा, वायरींची भेंडोळी, समोर फळा. फळ्याच्या वर अण्णाच्याच अक्षरात रंगवलेली पाटी आहे: ‘प्रयोग संपला की वस्तू जागेवर.’ ही पाटी त्याने इतक्या जणांच्या तोंडावर मारली आहे की तिचे कोपरे झिजायला हवे होते.

रविवारी सकाळी अण्णाची हाक ऐकून मी जिना उतरले तेव्हा त्याच्या दोन्ही मुली माझ्या आधी पोचल्या होत्या. थोरली दारात, धाकटी टाकीपाशी. धाकटीने पाण्यात बोट घातलं आणि चटकन बाहेर काढलं. काचेवरच्या थर्मामीटरचा काटा, असेल नसेल तेवढ्या सगळ्या आकड्यांच्या पलीकडे जाऊन बसला होता. मासे उकडले होते. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

टाकीचं पाणी ठरावीक उबेत ठेवायचं यंत्र धाकटीने बनवलं होतं. काळा डबा, त्यावर एक नॉब आणि एक लाल दिवा. पाणी गार झालं की दिवा लागायचा आणि हीटर सुरू व्हायचा, ऊब पुरेशी झाली की दोन्ही बंद. मी पाहिलं तेव्हा दिवा बंद होता.

"काल या डब्याला हात कोणी लावला?" अण्णाने विचारलं. आवाज चढा होता, पण तो टाकीकडे बघत होता, आमच्याकडे नाही.

धाकटीने टाकीवरून नजर फिरवली. टाकीच्या एका कोपऱ्यावर ती जराशी थांबली. मग तिने मान खाली घातली.

"मी," ती म्हणाली. "काल नॉब फिरवला होता. चुकीच्या बाजूला फिरला असणार. मीच मारले."

२

मी आयुष्यभर टेलिफोनच्या तक्रार विभागात नोकरी केली. फोन बंद आहे, चुकीचा लागतो, शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येतं, असली रडगाणी ऐकून माझे कान तयार झालेत. तिथे एक गोष्ट शिकले. माणूस स्वतःची चूक कबूल करतो तेव्हा आधी ‘पण’ म्हणतो. नॉब फिरवला पण कोणी सांगितलं नव्हतं, फिरवला पण जरासाच. धाकटीच्या कबुलीत एकही ‘पण’ नव्हता. माझ्या कानाला ते खटकलं.

बाकी कोणाला खटकलं नाही. खटकण्यासारखं काय होतं? या घरात काही फुटलं, सांडलं, जळलं की खापर धाकटीवर फुटतं, ही जुनी वहिवाट. थोरली हुशार, कॉलेजात शिकवते. धाकटी धांदरट, दिवसभर टेबलाशी बसून लोकांचे मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करते. लहानपणी अण्णा दोघींची प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवायचा. थोरलीला चार मार्क जास्त असले की ती रत्न आणि ही दगड. मी तेव्हा हसायचे. त्या सकाळी ते आठवून मला हसू आलं नाही.

आणि नेमका तोच दिवस होता. अण्णाचे डोळे आता बारीक कामाला साथ देत नाहीत. त्या संध्याकाळी तो वर्ग दोघींपैकी एकीकडे सोपवणार होता. थोरलीला मान हवा होता. धाकटीला वर्गच हवा होता, इतका की तिने तो कधी तोंडाने मागितला नाही. अण्णा तिला एवढंच म्हणाला होता, "डॉक्टरांची टाकी धड सांभाळ, मग बघू."

"आता बघायचं काय राहिलं?" तो म्हणाला. "वर्ग थोरली घेईल. डॉक्टर दुपारी येतायत. त्यांना काय तोंड दाखवू? माझ्या वर्गात ही चूक!"

"मी सांगेन त्यांना," धाकटी म्हणाली. "आणि मग मी मैत्रिणीकडे जाते राहायला. इथे मला बसवणार नाही."

ती कपडे भरायला वर गेली. थोरलीनेच काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं.

"आणि फ्रीजमधला बर्फही हिनेच संपवलाय. ट्रे रिकामा, परत पाणी भरायचं नाव नाही. सकाळी डोळे सुजले होते, म्हटलं बर्फ लावावा, तर खडखडाट."

"तुझे डोळे का सुजले होते?" मी विचारलं.

तिने ओढणी सावरली. मला आठवलं. काल वर्ग सुटल्यावर, संध्याकाळी, मी जिन्यात असताना थोरली या खोलीतून बाहेर पडली होती. मला बघून तिने हातातला मोबाइल पदराआड करावा तसा ओढणीत लपवला होता.

मी टाकीपाशी गेले. सेन्सर, म्हणजे पाण्याची ऊब जोखणारा शेंगदाण्याएवढा मणी, रबराच्या चकतीने आतून काचेला चिकटवलेला होता. उजवीकडे, हीटरच्या अगदी शेजारी.

पण टाकीच्या डाव्या टोकाला, रोपाच्या मागे, काचेवर हिरवट शेवाळ साचलं होतं आणि त्यात एक स्वच्छ गोल होता. रबराच्या चकतीएवढा. धाकटीची नजर सकाळी थांबली होती ती याच कोपऱ्यावर.

३

धाकटी बॅगेत कपडे भरत नव्हती, कोंबत होती. मी काळा डबा आणि त्याच्या वायरी खालून उचलून आणल्या होत्या. डबा तिच्या बॅगेवरच ठेवला.

"जायचं तर जा. पण आधी हे कसं चालतं ते मला सांग."

"आता कशाला, आत्या?"

"मला म्हातारपणी अक्कल यावी म्हणून."

ती पलंगावर टेकली. डब्याचं झाकण काढताना तिचे हात शांत झाले. एरवी ही पोरगी चहाचा कप नेताना सांडते. झाकण उघडलं की तिच्या हातून काही सांडत नाही.

"हा आयसी. ऑप-अँप म्हणतात याला. पाय आठ आहेत, पण तू दोनच बघ. असा जोडला की हा कम्पॅरेटर होतो. याला एकच काम येतं. या दोन पायांवर दोन व्होल्टेज येतात, त्यातलं जास्त कुठलं तेवढं सांगायचं. या पायावर सेन्सरचं येतं. पाणी गार झालं की सेन्सरचा रेझिस्टन्स वाढतो, इथलं व्होल्टेज चढतं. दुसऱ्या पायावर नॉबचं येतं, ते आपण ठरवून ठेवायचं. सेन्सरचं नॉबपेक्षा वर गेलं की आउटपुट एकदम वर. लाल दिवा लागतो, रिले, म्हणजे हीटरचा स्विच, टक करतो, हीटर चालू. खाली आलं की सगळं बंद."

"थोडंसंच वर गेलं तर दिवा मिणमिणता लागतो का?"

"छे. केसाएवढा फरक असला तरी पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. फरक किती आहे ते याला सांगता येत नाही. वरचढ कोण, एवढंच."

"आणि दोन्ही अगदी बरोबरीला आली तर?"

"तर बिचारं गोंधळतं. दिवा फडफडतो, रिले टकटक करत बसतो. म्हणून हा एक रेझिस्टर आउटपुटकडून मागे आणलाय. त्यामुळे एकदा निर्णय झाला की ते जरा वेळ त्यालाच धरून बसतं. लगेच बदलत नाही."

"म्हणजे अण्णा," मी म्हणाले.

ती हसली. त्या दिवसातलं ते घरातलं पहिलं हसू. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने तोंड फिरवलं. मला माझ्या जिभेची लाज वाटली, पण कोडं सुटलं नव्हतं.

"सेन्सर टाकीत कुठे लावायचा, याला काही नियम?"

"हीटरपासून लांब. जवळ लावला तर त्याला हीटरचीच धग लागते. त्याला वाटतं सगळं पाणी तापलं, आणि तो हीटर लवकर बंद करतो. बाकीचं पाणी गारच राहतं."

हे बोलून तिने ओठ मिटले. आपण जास्त बोललो हे तिला कळलं असावं.

मी डब्यात बोट दाखवलं. नॉबच्या मागे, डाव्या आणि उजव्या बाजूला, पट्ट्यापट्ट्यांचे दोन छोटे रेझिस्टर बसवलेले होते. वर्गाच्या भिंतीवर अण्णाने काढलेल्या आकृतीत नॉबच्या दोन्ही बाजूंना नुसती रेघ आहे, हे मला पक्कं आठवत होतं. रोज समोर बसून चहा पिते मी.

"ही दोन पिल्लं कसली? अण्णाच्या आकृतीत नाहीत ती."

तिने झाकण लावलं. "असंच. डिझाइन आहे ते."

"कशासाठी?"

"आत्या, मी कबूल केलंय ना? मग पुन्हा पुन्हा काय उकरतेस?" तिने माझा हात धरला. "सोड ना ते. पाया पडते तुझ्या."

चूक केलेला माणूस क्षमा मागतो. ही मला थांब म्हणून विनवत होती.

४

तक्रार विभागातला आमचा रिवाज साधा होता. ग्राहक काहीही सांगो, आपण तो नंबर स्वतः लावून बघायचा.

मी डबा स्वयंपाकघरात नेला. एका भांड्यात गार पाणी घेतलं, त्यात सेन्सर सोडला आणि टाकीचा थर्मामीटर ठेवला. हीटर जोडला नाही, मला लाल दिवा पुरेसा होता. नॉब जास्तीच्या बाजूला पिळला, पार अडेपर्यंत. धाकटीने याहून जास्त फिरवणं शक्यच नव्हतं.

लाल दिवा लागला. मी किटलीतलं गरम पाणी थोडं थोडं भांड्यात ओतत गेले. काटा चढत होता. दिवा लागलेलाच. आता चढेल, आता उकळेल, असं मी मनाशी म्हणतेय तोवर आतून ‘टक’ आवाज आला आणि दिवा विझला.

काटा होता एकतीसवर. अंघोळीलासुद्धा मी याहून गरम पाणी घेते. मॅनेजरने अशा पाण्यात फार तर कपाळाला आठ्या घातल्या असत्या, तो मेला नसता.

मी आणखी गरम पाणी ओतलं आणि नॉब इकडे फिरव, तिकडे फिरव, सगळं केलं. दिवा काही पुन्हा लागेना. ती दोन पिल्लं कशाला होती ते मला आत्ता कळलं. नॉब कितीही पिळा, ती त्याला ठरावीक हद्दीपलीकडे जाऊच देत नव्हती. म्हणजे या नॉबने मासे मरूच शकत नव्हते.

यंत्र बिघडलं होतं म्हणावं, तर आत्ता माझ्या समोर ते चोख चाललं होतं. सेन्सरची वायरही धड होती. मग उरलं एकच. मी सेन्सर भांड्यातून उचलून ओट्यावर ठेवला. ओटा गार. क्षणभराने पुन्हा ‘टक’, आणि दिवा लागला. लागला तो लागलाच. पाणी इकडे वाफाळतंय आणि यंत्र तिकडे ओट्याचा गारवा जोखून सांगतंय, अजून तापवा.

सेन्सर रात्रभर पाण्याबाहेर होता!

आणि मग कोणीतरी तो परत टाकीत लावला. घाईने, हात पोचेल तिथे, हीटरच्या शेजारी. तो आधीपासून तिथे असता तर पाणी गार राहिलं असतं, धाकटीनेच सांगितलं होतं. म्हणजे तो तिथे लागला पाणी तापून झाल्यावर, आज सकाळी. ज्याने लावला त्याने मेलेले मासे पाहिले होते, आणि पाहून मूग गिळले होते.

काल संध्याकाळी वर्गाच्या खोलीतून चोरपावलांनी कोण बाहेर पडलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी थोरलीच्या खोलीचं दार ढकललं.

५

"मोबाइल दे," मी म्हणाले.

थोरली आधी लाल झाली, मग पांढरी. "कशाला?"

"काल वर्गाच्या खोलीत काय करत होतीस? धाकटी तिकडे घर सोडून निघाली आहे आणि तू इथे मूग गिळून बसलीस?"

तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

फोटो होते. काळ्या डब्याच्या आतल्या बोर्डाचे, झाकण काढून, जवळून घेतलेले.

"मला नाही समजत गं आता ते," ती हातांच्या आडून बोलली. "कॉलेजात मी पुस्तकातलं शिकवते. आउटपुट कसं काढायचं, सूत्र काय. बोर्ड समोर ठेवला की माझे हात लटपटतात. अण्णा वर्ग मला देणार हे ठरल्यासारखंच होतं. पहिल्याच दिवशी कोणी विचारलं, हे कसं जोडलंय, तर मी काय सांगू? म्हणून हिच्या बोर्डाचे फोटो काढले. वर खोलीत बसून पाठ करणार होते. धाकट्या बहिणीची कॉपी, या वयात! रडले मी काल. म्हणून डोळे सुजले."

मी तिच्याकडे बघितलं. लहानपणापासून जिला आम्ही रत्न रत्न म्हणत आलो, ती पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती. एकीला दगड म्हटलं की दुसरीचंही काही धड होत नाही, हे आम्हा शहाण्यांना तेव्हा कोणी सांगितलं नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला. बोर्डाच्या मागे, जरा पुसट, टाकीचा कोपरा दिसत होता. टाकीतून बाहेर आलेली वायर टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यात उतरली होती. पेल्यात बर्फाचा अर्धवट वितळलेला तुकडा होता. आणि डब्यावर लाल दिवा लागलेला होता.

"हे दिसलं नाही तुला?"

तिने वाकून बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगंबाई. मी फक्त बोर्डच बघत होते."

मला ते पटलं. जिने स्वतः सेन्सर बर्फात घातला, ती त्याचा फोटो काढून ठेवत नाही. आणि सकाळी उठून बर्फ कोणी संपवला म्हणून घर डोक्यावर घेत नाही.

मग बर्फ कोणी नेला? उत्तर मला दिसत होतं, फक्त ते खोटं ठरावं असं वाटत होतं.

समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक अण्णाच्या वर्गाला येतो. मी रस्ता ओलांडून गेले आणि डोकेदुखीचा बाम मागितला. तो मला खरोखरच लागणार होता.

"काल काय शिकवलं अण्णाने?" मी विचारलं.

"कम्पॅरेटर!" त्याचा चेहरा उजळला. "काय मजा आली, आत्या. वर्गातला शिकवायचा बोर्ड जळलाय ना, मग सरांनी टाकीचाच सेन्सर काढला. मुठीत धरला की दिवा बंद, बर्फात बुडवला की दिवा चालू. मूठ, बर्फ, मूठ, बर्फ. असं डोक्यात बसलं म्हणून सांगू! पुस्तकं वाचून नसतं बसलं."

"आणि मग?"

"मग वर्ग सुटला. आम्ही निघालो तेव्हा सर फळा पुसत होते." बामची डबी पुढे करता करता तो थबकला. "का हो? काही झालंय का?"

६

डॉक्टर यायच्या आत मी तिघांना वर्गाच्या खोलीत बसवलं. थोरली भिंतीशी, धाकटी बॅग पायाशी घेऊन, अण्णा फळ्याजवळच्या त्याच्या खुर्चीत. टाकीवर कोणीतरी टॉवेल टाकला होता.

मी सगळं एका दमात सांगितलं. एकतीसवर विझलेला दिवा, शेवाळातला गोल, हीटरशेजारी नंतर लावलेला सेन्सर. फोटोचं सांगायची वेळ आली तशी मी अडखळले. थोरली स्वतःच उठली आणि मोबाइल अण्णासमोर धरला. तिच्यासाठी ते सोपं नव्हतं. शेवटी मी मूठ आणि बर्फ एवढे दोनच शब्द बोलले.

अण्णाने फोटो पाहिला. डोळे साथ देत नाहीत म्हणतो, पण पेला त्याला दिसला.

"सकाळी मीच आधी आलो," तो म्हणाला. "पेल्यातलं बर्फाचं पाणी झालेलं, त्यात सेन्सर, आणि दिवा लाल. मी सेन्सर टाकीत लावला तसा दिवा विझला. म्हटलं, आता कोणाला कळणार नाही. हाक मारली तेव्हा सांगणार होतो, खरंच. पण तोंडातून भलताच प्रश्न निघाला. मग ही म्हणाली मी नॉब फिरवला, आणि..." त्याला पुढचा शब्द सापडेना. "मला वाटलं, नॉबही फिरला असेल. थोडी चूक तिचीही असेल. असं स्वतःला सांगत बसलो."

त्याच्या डोक्यावर ती पाटी होती. त्याने वर बघितलं नाही, पण आम्ही तिघींनी बघितलं, आणि ते त्याला कळलं. माझ्या भावाला मी कधी इतका लहान झालेला पाहिला नव्हता. मलाच धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण कोडं सुटलं की शेवटचा धागा ओढल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा रोग.

"एक राहिलं," मी म्हणाले. "नॉबने मासे मरू शकत नाहीत हे छातीठोकपणे सांगू शकेल असं घरात एकच माणूस होतं. ती दोन पिल्लं जिने बसवली ती. आणि नेमकी तीच म्हणाली, नॉबने मारले. धाकटे, तू सकाळी तो हिरवा कोपरा पाहिलास. सेन्सर हलवलेला पाहिलास, आणि काल वर्गात काय शिकवलं ते तुला माहीत होतं. तुला तेव्हाच कळलं होतं."

"आत्या, पुरे ना," धाकटी म्हणाली.

अण्णाने मान वर केली. "तुला माहीत होतं? मी केलंय ते?"

तिने मान डोलावली.

"मग का बोललीस तसं?"

"वर्गाचे सगळे येणार होते संध्याकाळी," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तुम्ही त्यांना पाटी दाखवून दाखवून रागावता. त्यांच्यासमोर तुमची मान खाली गेली असती. माझी काय, मला सवय आहे."

‘मला सवय आहे’ हे तिने रागाने म्हटलं असतं तर चाललं असतं. ती ते अगदी साधेपणाने म्हणाली, पाणी ओलं आहे म्हणावं तसं. मला वाटलं होतं मी तिची सुटका करतेय. खरं तर तिने बापासाठी जे काही झाकून ठेवलं होतं, ते मी सगळ्यांदेखत ओढून काढलं होतं.

मी टेबलावर आणून ठेवलेला डबा अण्णाने जवळ ओढला. झाकण उघडून तो डोळ्यांशी नेला. त्याच्या वर्गात, त्याच्या मुलीने बनवलेलं यंत्र तो पहिल्यांदा आतून बघत होता. ती आपलीच आकृती उतरवून काढणार, असं त्याने धरलं होतं. त्याचं बोट त्या दोन रेझिस्टरांवर थांबलं.

"हे माझ्या आकृतीत नाहीत. कशाला घातलेस?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही येता जाता दिसेल तो नॉब पिळता, अण्णा. रेडिओचा, पंख्याचा, सगळ्यांचा. म्हटलं, तुमच्या हातून काही होऊ नये. नंतर तुम्हाला वाईट वाटलं असतं." मग ती जरा थांबली. "सेन्सर कोणी बाहेर काढला तर काय, ते मात्र मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं. ती चूक माझीच ना?"

अण्णाचा हात डब्यावर तसाच राहिला. थोरली रडत होती. मी पदराने चष्मा पुसत बसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दारावरची बेल वाजली. डॉक्टर.

धाकटी सवयीने उठली. अण्णाने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. मग इकडे तिकडे बघितलं, आपली फळ्याजवळची खुर्ची ओढत आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

"इथे बस," तो म्हणाला. "संध्याकाळी सगळे येतील तेव्हाही इथेच. आज काय शिकवायचं ते ठरव. आणि माझं काय चुकलं तिथून सुरुवात कर. नाव घेऊन सांग."

"अण्णा, मी..."

"आणि हिला शेजारी बसव," तो थोरलीकडे बघून म्हणाला. "तिला बोर्ड शिकव. तिला कोणी शिकवलंच नाही, आम्ही नुसती मार्कं मोजली."

बेल पुन्हा वाजली. अण्णाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. टाकीवरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली, मेलेला मॅनेजर दारातून दिसावा म्हणून. मग तो गेला आणि त्याने दार उघडलं.

"या डॉक्टर," आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला. "तुमचे मासे मेले. मी मारले."